दिवसा कारकून, रात्री कॅप्टन: बॅरी फिट्झजेराल्ड आणि तुझा राजीनामा

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न थोडक्यात असा: वय चौतीस, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कार्यालयात लिपिक, अकरा वर्षं राज्य नाट्य स्पर्धा, दोनदा अभिनयाचं प्रमाणपत्र. आता मुंबईच्या एका मालिकेत 'मिश्कील मामा' देऊ करताहेत, महिन्याला पंधरा-सोळा दिवसांचं काम. घरचे म्हणतात नोकरी सोडू नकोस, ग्रुपमधले म्हणतात आत्ता नाही तर कधी. आणि तुला आठवला आमच्या नाट्यशिबिरात मी सांगितलेला तो आयरिश नट बॅरी फिट्झजेराल्ड, जो ऑफिस करता करता ऑस्करपर्यंत गेला. 'सर, त्याचं पूर्ण सांगा, मग मी ठरवतो,' असं तू लिहिलंयस.

सांगतो. पण आधी कबुली देतो. शिबिरात ती गोष्ट मी जरा गोड करून सांगितली होती. जेवणं झालेली, पोरं पेंगत होती, त्यांना जागं करायचं होतं. खरी गोष्ट इतकी सरळ नाही. शिवाय मी स्वतः बत्तीस वर्षं बँकेत काढली आणि तेवढीच तालमीच्या हॉलमध्ये, त्यामुळे या विषयात मी निष्पक्ष आहे असं अजिबात समजू नकोस.

बॅरी फिट्झजेराल्ड हे त्याचं खरं नाव नव्हे. तो विल्यम जोसेफ शील्ड्स. जन्म १० मार्च १८८८, डब्लिन. घर प्रॉटेस्टंट, वडील आयरिश आणि कामगार चळवळीतले, आई जर्मन. धाकटा भाऊ आर्थर, तोही पुढे नट झाला. मध्यमवर्गीय घरातल्या मुलानं जे करायचं तेच थोरल्यानं केलं. परीक्षेचा क्लास लावला आणि १९११ मध्ये सरकारी नोकरीत चिकटला. आधी व्यापार मंडळात, मग बेकारी विम्याच्या विभागात. काम हलकं होतं, रिकामा वेळ बक्कळ मिळायचा, हे तो पुढे स्वतःच मोकळेपणानं सांगायचा. तुझ्या ऑफिसात हे मोठ्यानं वाचू नकोस.

त्या वेळी डब्लिनमध्ये ॲबी थिएटर सुरू होऊन काही वर्षं झाली होती. १९०४ च्या डिसेंबरात ते उघडलं. कवी येट्स आणि लेडी ग्रेगरी हे त्याचे आधारस्तंभ. पाचशे-साडेपाचशे खुर्च्यांचं छोटं थिएटर, आणि सुरुवातीची नटमंडळी म्हणजे दिवसा कुठेतरी कारकुनी करणारी, दुकानात उभी राहणारी माणसं. आपल्या हौशी संस्थांसारखंच. शील्ड्स आधी एका हौशी मंडळात होता, तिथून १९१५ च्या सुमारास ॲबीत शिरला. पण सरकारी नोकरानं रात्री पैसे घेऊन नाटकात काम करणं साहेबांना चालणारं नव्हतं. म्हणून जाहिरातीत विल्यम शील्ड्स गायब झाला आणि बॅरी फिट्झजेराल्ड उगवला. जगाला माहीत असलेलं हे नाव म्हणजे मुळात वरिष्ठांपासून लपायची जागा.

मला हे वाचून इतका आनंद झाला होता की काय सांगू. १९८० च्या दशकात स्पर्धेतला आमचा फोटो पेपरात छापून आला. त्या दिवशी मी ऑफिसच्या लेखी तापानं फणफणलेला होतो. फोटोत मात्र तलवार उपसून उभा. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेपर टेबलावर पसरला आणि नुसतं विचारलं, 'उतरला का ताप?' पुढची चार वर्षं श्रेयनामावलीत माझं आडनाव वेगळं होतं.

बॅरीच्या पहिल्या वाक्याची गोष्ट तुला आठवत असेल. शेरिडनच्या 'द क्रिटिक'मध्ये त्याला आधी नुसतं उभं राहायचं काम होतं. मग कधीतरी वाक्य मिळालं, मोजून चार शब्दांचं. 'तसंच व्हायला हवं' अशा अर्थाचं. तोंड उघडलं आणि दोन शब्दांची आद्याक्षरं आपापसात बदलली. आपल्याकडे 'गार पाणी'चं 'पार गाणी' व्हावं तसं. थिएटर हसलं. आणि त्या हशात याला कळलं की आपली जागा विनोदात आहे. ही गोष्ट तोच सांगायचा, तेव्हा तिच्यावर थोडी नटाची कलाकुसर असणारच. पण एक बघ, वाक्य चुकल्यावर घरी जाऊन उशीत तोंड खुपसणारे मी शेकड्यानं पाहिलेत. आपली चूक झाल्यावर प्रेक्षक नेमका कशाला हसला हे लक्षात ठेवणारे फार थोडे.

नाव व्हायला वेळ लागला. १९१९ मध्ये लेडी ग्रेगरींच्या 'द ड्रॅगन'मध्ये लोकांनी त्याची दखल घेतली. पण ऑफिस चालूच होतं. १९२४ साली ॲबी त्याला आठवड्याला अडीच पौंड देत होती. ॲबीत एक नाटक बहुतेक आठवडाभर चालायचं, मग दुसरं, मग एखादं जुनं पुन्हा वर काढायचं. तोच संच, तीच माणसं, दर काही दिवसांनी नवी कातडी. या आठवड्यात राजा, पुढच्या आठवड्यात पोस्टमन. आपल्याकडे एकदा नाटक लागलं की तीनशे प्रयोग तोच अंगरखा. त्यात सफाई येते, हुकमी टाळी येते, पण शरीर एकाच चाकोरीत घासतं. ॲबीचा नट वर्षाकाठी इतक्या वेगवेगळ्या चाली चालायचा की त्याला स्वतःची चाल विसरायला झालं असेल. बॅरीची शाळा ती होती. अठरा वर्षं ऑफिस, आणि त्यातली डझनभर वर्षं संध्याकाळी हे.

आता 'जूनो अँड द पेकॉक'. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

३ मार्च १९२४ ला पहिला प्रयोग. लेखक शॉन ओ'केसी, डब्लिनच्या गरीब वस्तीत राहिलेला, अंगमेहनतीची कामं करून रात्री लिहिणारा माणूस. बॅरीशी त्याची दोस्ती होती. नाटकातला कॅप्टन बॉयल साठीचा, आणि बॅरीला छत्तीस पूर्ण व्हायला एक आठवडा कमी. बॉयल कसला कॅप्टन? आयुष्यात एकदाच बोटीवर चढलेला, तेही कोळशाच्या, डब्लिन ते लिव्हरपूल. पण डोक्यावर खलाशाची मळकी टोपी आणि तोंडी सातासमुद्रांच्या गोष्टी. बायको जूनो राबते, घर चालवते. कुणी कामाचं नाव काढलं की बॉयलचे पाय दुखायला लागतात. ओ'केसीनं त्याची चाल लिहून ठेवली आहे: धड जरा मागे झुकलेलं, पोट जरा पुढे, पावलं संथ आणि मोठ्या माणसाच्या तोऱ्यात. बॅरी मूळचा बुटका, हनुवटी पुढे आलेली, आवाज खरखरीत. अशा अंगावर तो तोरा चढवला की अर्धं काम झालं.

हा माणूस दिवसा बेकारी विम्याच्या ऑफिसात बसत होता, हे विसरू नकोस. त्यानं तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण माझी खात्री आहे की पाय दुखणारे बॉयल त्याच्या टेबलाशी रोज येत असणार. टोपी हातात घेऊन, नजर चुकवून, आधी ऐटीत आणि मग अजीजीनं बोलणारे. नटाला असलं निरीक्षण करायला कुठला गुरू शिकवतो? आणि ते करायला आठवड्याचा पगार मिळत होता.

हे नाटक मराठीत बसवायचा घाट मी एकदा घातला होता. दोन अंक झकास उभे राहिले, तिसऱ्याच्या शेवटाशी गाडी अडली. तो शेवट असा आहे. वारसाहक्काचे पैसे येणार म्हणून उधारीवर आणलेलं सगळं सामान परत नेलं गेलंय, कारण पैसे येणारच नाहीत. मुलीला फसवून एक जण पळालाय, ती गरोदर आहे. मुलगा जॉनी यानं आपल्याच साथीदाराचा घात केला होता, त्याला बाहेर नेऊन गोळ्या घातल्यात. जूनो मुलीला घेऊन घर सोडून गेली. रंगमंच रिकामा. आणि आता बॉयल आणि त्याचा चमचा जॉक्सर झिंगून आत येतात. मुलगा गेल्याचं बॉयलला माहीतच नाही. खिशातून सहा पेनीचं शेवटचं नाणं काढतो, ते जमिनीवर पडू देतो, आणि अख्ख्या जगात गोंधळ माजलाय असं काहीतरी बरळतो. गंमत म्हणजे गोंधळ या अर्थाचा इंग्रजी शब्दच त्याच्या तोंडात गोंधळतो, भलताच शब्द बाहेर पडतो.

आमचा नट तिथे हशा मागायचा. मी म्हणायचो, मागू नकोस. मग तो गंभीर व्हायचा, आणि प्रवेश मरून जायचा. कारण बॉयल गंभीर नाहीच. त्याच्या दृष्टीनं ही नेहमीची रात्र आहे. प्रेक्षक हसला पाहिजे आणि हसता हसता त्याच्या पोटात गोळा आला पाहिजे. महिनाभर धडपडलो, नाही जमलं, नाटक गुंडाळलं. नंतर डब्लिनच्या त्या प्रयोगांबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचलं, तेव्हा कळलं की बॅरी आणि जॉक्सर झालेला एफ. जे. मॅकॉर्मिक यांनी ही दोरीवरची कसरत रोज रात्री केली. सारा ऑलगुड जूनो होती. ॲबीत तोवर नवं नाटक आठवड्यापलीकडे जात नसे, हे दुसऱ्या आठवड्यातही चालवावं लागलं.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९२६ मध्ये, ओ'केसीचंच 'द प्लाऊ अँड द स्टार्स' आलं. १९१६ मध्ये ईस्टरला इंग्रज राजवटीविरुद्ध झालेल्या उठावाला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती, आणि नाटकात त्या उठावातले शूरवीर सोडून चाळीतली सामान्य माणसं पुढे होती. कुणी दुकानं लुटतं, कुणी दारू पितं. शहीदांच्या घरच्यांना ते सहन झालं नाही. चौथ्या रात्री लोक रंगमंचावर चढले. बॅरी फ्लूथर या सुताराच्या भूमिकेत होता. त्यानं चढून आलेल्या एकाच्या जबड्यावर ठोसा ठेवून त्याला खाली खुर्च्यांत पाठवलं, अशी नोंद आहे. येट्सनं पुढे येऊन प्रेक्षकांना चांगलं खडसावलं. पुढे एके दिवशी प्रयोग बंद पाडायला बंदूकधारी बॅरीला उचलायला त्याच्या आईच्या घरी गेले, हा घरी नव्हता, अशीही हकिगत सांगतात. यात एक गुंता होता. धाकटा भाऊ आर्थर स्वतः त्या उठावात लढलेला, नंतर वेल्समधल्या फ्राँगॉकच्या छावणीत कैद भोगलेला. त्यानं आपली रायफल ॲबीच्या रंगमंचाखाली दडवली होती, असं म्हणतात. म्हणजे उठावाचा अपमान केला म्हणून ज्या थिएटरवर लोक धावून आले, त्याच्याच रंगमंचाखाली एकेकाळी त्या उठावाची बंदूक दडलेली होती.

यानंतरही बॅरी सकाळी ऑफिसात जात होता. हे मला शिबिरात नीट सांगता आलं नाही म्हणून इथे ठासून लिहितो. देशातलं सर्वांत चर्चेतलं नाटक, त्यातला सर्वांत लाडका नट, आणि तरी मस्टरवर सही.

नोकरी सोडली ती १९२९ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. कशासाठी? पैशासाठी नाही. ॲबीनं ओ'केसीचं नवं नाटक 'द सिल्व्हर टॅसी' नाकारलं होतं, येट्सनं त्याची कारणंही पत्रातून ऐकवली होती. ओ'केसी तोवर लंडनला गेला होता. ते नाटक ऑक्टोबर १९२९ मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरात लागलं, चार्ल्स लॉटन नायक. त्यातल्या कामासाठी बॅरीनं राजीनामा दिला. आपल्या लेखकाचं नाटक होतं म्हणून. नाटक गाजलं, गल्ल्यावर मात्र फार दिवस टिकलं नाही. म्हणजे राजीनाम्यानंतर काही आठवड्यांत पठ्ठ्या एकेचाळिसाव्या वर्षी परमुलखात मोकळा.

आपल्याकडे डॉक्टर श्रीराम लागूंनी १९६९ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षात असताना, कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडली. 'नटसम्राट' त्यानंतर, १९७० च्या डिसेंबरात. वय जवळजवळ तेच. यातून काही नियम काढू नकोस, पण चौतिसाव्या वर्षी 'आत्ता नाही तर कधी' असं म्हणणाऱ्या तुझ्या मित्रांना ही दोन नावं अवश्य ऐकव.

लंडनला असताना त्याला पहिला सिनेमा मिळाला, आणि तो किस्सा पडद्याचं गणित समजायला पुरेसा आहे. हिचकॉकनं 'जूनो अँड द पेकॉक'चाच सिनेमा केला, १९३० चा. डब्लिनमध्ये ज्यानं बॉयल जन्माला घातला तो माणूस हजर होता. बॉयल कुणाला मिळाला? एडवर्ड चॅपमन या इंग्रज नटाला. बॅरीला काय मिळालं? सुरुवातीला रस्त्यात भाषण ठोकणारा एक वक्ता. मूळ नाटकात असा प्रवेशच नाही. सारा ऑलगुडला मात्र जूनो मिळाली. बॅरीचा पूर्ण बॉयल पडद्यावर कधीच आला नाही. आज आपण तो फक्त लोकांच्या आठवणींतून वाचतो.

१९३१ पासून ॲबीचे अमेरिकेचे लांबलचक दौरे झाले, त्यांत तो होता. मग १९३६. जॉन फोर्डनं हॉलिवूडमध्ये 'द प्लाऊ अँड द स्टार्स' करायला घेतला आणि ॲबीची पाच माणसं बोलावली: बॅरी, आर्थर, मॅकॉर्मिक, आयलीन क्रो आणि डेनिस ओ'डे. मुख्य भूमिका अर्थात बार्बरा स्टॅनविकला. सिनेमा स्टुडिओनं कापून-जोडून बराच बिघडवला. पण तुझ्या प्रश्नाचा खरा फाटा इथे आहे. बॅरी तिथेच राहिला. मॅकॉर्मिक आणि त्याची बायको आयलीन क्रो डब्लिनला परत गेले.

हा मॅकॉर्मिक मूळचा पीटर जज, तोही सरकारी कारकून, त्याचंही हे टोपणनाव. त्यानं ॲबीतच शेकडो भूमिका केल्या. सिनेमात अगदी मोजकं काम. कॅरल रीडच्या 'ऑड मॅन आउट'मध्ये पक्ष्यांच्या मागे फिरणारा भुरटा शेल त्यानं असा केला की जेम्स मेसनसारख्या नायकावरून नजर हलते. तो सिनेमा १९४७ चा, त्याच वर्षी मॅकॉर्मिक वारला. आयर्लंडबाहेर आज त्याचं नाव कुणाला ठाऊक आहे? पण डब्लिनच्या जुन्या नाटकवाल्यांत त्या पिढीतला सर्वांत मोठा नट कोण यावर वाद निघाला, की बॅरीआधी त्याचं नाव येतं. माझं मत विचारशील तर बॅरी जास्त गोड होता, मॅकॉर्मिक जास्त खोल. हे मी एका सिनेमावरून आणि वाचलेल्यावरून म्हणतोय, तेव्हा जपून घे.

हॉलिवूडमध्ये बॅरीला कामाची कमी पडली नाही. 'ब्रिंगिंग अप बेबी'त बाटलीशी मैत्री असलेला माळी. 'द लाँग व्हॉयेज होम', 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली', दोन्ही फोर्डचे. मधल्या काळात ब्रॉडवेवर १९३९ मध्ये 'द व्हाइट स्टीड', १९४० मध्ये पुन्हा 'जूनो', सारा ऑलगुडसोबत. म्हणजे नाटक लगेच सुटलं नाही. सुटलं ते यशानं.

ते यश म्हणजे 'गोइंग माय वे', १९४४. बिंग क्रॉस्बी तरुण पाद्री, बॅरी म्हातारा फादर फिट्झगिबन, कर्जात बुडालेलं चर्च धरून बसलेला, तिरसट आणि लहान मुलासारखा. त्यातला एक प्रवेश तू नक्की बघ. म्हातारा रुसून पावसात बाहेर निघून जातो आणि परत येतो; त्याला अंथरुणात घातलंय. मग तो क्रॉस्बीला पुस्तकांच्या कपाटाकडे पाठवतो, तिथे मागे बाटली दडवलेली, आयर्लंडातून आई दरवर्षी पाठवते ती. आईला पंचेचाळीस वर्षं पाहिलेलं नाही. आता बॅरीकडे बघ. सगळं अंग रजईखाली आहे. नाटकातल्या नटाचं मुख्य हत्यार, म्हणजे चाल, काढून घेतली आहे. उरले डोळे, खालचा ओठ आणि थांबण्याच्या जागा. आईबद्दल बोलताना तो रडका सूर लावत नाही, उलट जरा बढाई मारतो. तो तोरा मला बॉयलचा वाटतो, फक्त पोट पुढे न काढता. शेवटी आई खरंच येते, नव्वदीच्या पुढची. तेव्हा तो जी चार पावलं टाकतो ती थेट ॲबीच्या तख्त्यावरून आलेली आहेत.

त्या एका भूमिकेसाठी त्याला प्रमुख नट आणि सहायक नट अशी दोन्ही ऑस्कर नामांकनं मिळाली. असं पुन्हा होऊ नये म्हणून नंतर नियम बदलले. मार्च १९४५ मध्ये सहायकचं बक्षीस त्याला, प्रमुखचं क्रॉस्बीला. युद्धामुळे धातू वाचवायचा होता, म्हणून त्या वर्षांतले पुतळे प्लास्टरचे होते. बॅरीला गोल्फचं वेड. घरात दांडा फिरवता फिरवता त्यानं ऑस्करचं मुंडकं उडवलं. अकादमीनं दुसरा दिला. आणि मौज बघ, अमेरिकेचा सर्वांत लाडका कॅथलिक पाद्री डब्लिनच्या एका प्रॉटेस्टंटानं उभा केला होता.

यानंतर काय झालं ते तुझ्या 'मिश्कील मामा'शी जोडून वाच. तो प्रचंड लोकप्रिय झाला आणि लोकांना तोच म्हातारा पुन्हा पुन्हा हवा झाला. डोळे मिचकावणारा, आत थोडी घेतलेली, मनानं सोन्यासारखा आयरिश. अपवाद आहेत. अगाथा ख्रिस्तीच्या कथेवरच्या 'अँड देन देअर वेअर नन'मध्ये (१९४५) तो न्यायाधीश आहे आणि तिथे तोच गोडवा अंगावर काटा आणतो. 'द नेकेड सिटी'त (१९४८) न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित झालेला पोलिस अधिकारी. पण हे अपवादच. राजा-पोस्टमन-सुतार करणारा नट एका मुखवट्यात स्थिरावला.

तो मुखवटा किती सुंदर होता हे मात्र नाकारू नये. फोर्डचा 'द क्वाएट मॅन' (१९५२) घे. मायकलीन फ्लिन, गावचा लग्न जुळवणारा, घोडागाडी हाकणारा. घोडाच दारूच्या गुत्त्यासमोर आपोआप थांबतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो नवरा-बायकोच्या खोलीत डोकावतो, पलंग मोडलेला दिसतो. खरं तर पलंग भांडणात मोडलाय, त्याला वाटतं भलतंच. तो मोजून दोन शब्द बोलतो आणि मधे इतकं अंतर ठेवतो की थिएटर त्या फटीतच हसून घेतं. हे अंतर क्लासमध्ये शिकवता येत नाही. ज्यानं रोज रात्री पाचशे माणसांचा श्वास ऐकलाय त्यालाच ते सापडतं. याच सिनेमात आर्थर गावचा प्रॉटेस्टंट धर्मगुरू आहे, म्हणजे घरचा धर्म निदान धाकट्याच्या वाट्याला आला. १९५१ च्या उन्हाळ्यात मेयो परगण्यातल्या काँग गावी चित्रण झालं. त्याच उन्हाळ्यात, १८ जुलैला, डब्लिनमधलं ॲबी थिएटर आगीत गेलं.

बॅरीनं लग्न केलं नाही. शेवटी तो डब्लिनला परतला. १९५९ च्या 'ब्रॉथ ऑफ अ बॉय' या आयरिश सिनेमात एकाहत्तराव्या वर्षी तो एकशे दहा वर्षांचा म्हातारा झालाय. छत्तिशीत साठीचा, सत्तरीत एकशे दहाचा. ४ जानेवारी १९६१ ला डब्लिनमध्येच गेला.

आता तुझं. नोकरीनं बॅरीला भाकरी दिली हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट दिली: 'नाही' म्हणायची मुभा. ज्याचं भाडं संध्याकाळच्या भूमिकेवर अवलंबून नाही, तो फुटकळ भूमिका टाकू शकतो आणि छत्तिशीत साठीचा बॉयल करायचं धाडस करू शकतो. पुढे पूर्णवेळ झाल्यावर ती मुभा हळूहळू आक्रसली. त्याला पश्चात्ताप झाला असेल असं मला म्हणायचं नाही, माणूस मजेत जगला. पण मालिकेचा करार हातात आला की लोकांना आधी आकडा दिसतो, मुभा जाताना दिसत नाही. आणि आकड्याचंही ऐक. पैसे बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी हातात पडतात. तीन महिने मुंबईत भाडं, चहा, रिक्षा स्वतःच्या खिशातून.

तुझी गोष्ट आणि त्याची गोष्ट यातला फरकही दाखवतो, नाहीतर म्हणशील म्हातारा नोकरीचीच बाजू घेतोय. तो राहत होता त्याच शहरात ॲबी होती. ऑफिस सुटलं की चालत तालमीला. तुझ्या गावात स्पर्धा संपली की नऊ महिने हॉलला कुलूप. तुला ओ'केसी नाही. तुझ्या संस्थेत दरवर्षी नवा दिग्दर्शक, आणि लेखक म्हणजे कुणीतरी पाठवलेली झेरॉक्स. तेव्हा नोकरी ठेवून नटपण वाढतंच असं नाही, ते झिजतही जातं. मी वाढलो की झिजलो, हे मलाही नक्की सांगता येत नाही.

म्हणून राजीनाम्याआधी दोन कामं कर. पहिलं, आस्थापना शाखेत जाऊन असाधारण रजेचं विचार. बिनपगारी मिळते, कारण लिहून द्यावं लागतं. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ सुद्धा वाचून घे. मोबदला घेऊन नियमित काम करायचं तर परवानगी लागते, बॅरीसारखं नाव बदलून भागायचं नाही, तुझा चेहरा रोज संध्याकाळी साडेसातला साहेबांच्या दिवाणखान्यात असेल. दुसरं, निर्मात्यांकडे त्या मामाचा पुढच्या सहा महिन्यांचा आलेख माग. देणार नाहीत, पण मागितल्यावर काय बोलतात ते मला अक्षरशः लिहून पाठव. 'मामा धमाल करतो' एवढंच असेल तर तो मुखवटा आहे. त्याला एखादी लाज, एखादं गुपित, एखादी थाप असेल, तर बोलू.

बघायला कुठून सुरुवात करू, असंही तू विचारलंयस. 'द क्वाएट मॅन' आधी, मग 'गोइंग माय वे'. हिचकॉकचा 'जूनो' सगळ्यांत शेवटी, पण तो लावताना चहा करायला उठू नकोस. बॅरी सुरुवातीलाच आहे. रस्त्यावर गर्दीसमोर हात उंचावून बोलतोय, मशीनगन वाजते, माणसं पांगतात, आणि सिनेमा त्याच्याशिवाय पुढे जातो.